अ‍ॅमेझॉनला जाऊन दात कसे काढावेत

मराठीत ‘दात काढणे’चे दोन अर्थ होतात आणि या मार्गदर्शिकेत दोन्ही शिकवले आहेत. एक दवाखान्यातला, दुसरा फोटोतला. दुसऱ्यासाठी भूल द्यावी लागत नाही, त्यामुळे नवशिक्याला तो आधी जमतो.

मी कऱ्हाडकडची. बीडीएस होऊन सतरा वर्षं झाली. पेरू देशातल्या लोरेतो प्रांतात, अ‍ॅमेझॉनच्या काठच्या गावांत, दातांच्या शिबिरासाठी दोनदा जाऊन आले. एवढ्या भांडवलावर मार्गदर्शिका लिहू नये, हे मला कळतं. पण या क्षेत्रात एकदा जाऊन आलेला भाषणं देतो आणि दोनदा जाऊन आलेला संस्था काढतो. मी लेखावर थांबते आहे, याबद्दल माझे आभार माना.

घरच्यांना सांगणे

हा सगळ्यात अवघड टप्पा. माझी आई म्हणाली, “दात काढायला एवढ्या लांब? आपल्या इथले संपले का?” हा प्रश्न सोडून द्यावा. पण पुढचा येतोच: “मग गडचिरोलीला का नाही जात?” त्याची तयारी करून ठेवा. मी केली नव्हती. “तिथे डॉक्टर आमटे आहेत, डॉक्टर बंग आहेत,” असं काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, “ते दातांचे डॉक्टर आहेत का?”

खरं उत्तर असं होतं की गडचिरोलीचे फोटो बघून कुणी “वॉव” म्हणत नाही. ते आईला सांगायचं नसतं.

कागदपत्रं

पीतज्वराची लस घ्या. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची. त्याचं पिवळं पुस्तक जिवापाड जपा, कारण ते नसेल तर परत येताना भारतच तुम्हाला विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतो. २०१६पासून ही एकच लस आयुष्यभर पुरते, म्हणजे दुसऱ्या खेपेला तेवढा एक खर्च वाचतो. रेबीजची लसही आधीच घ्या. तिथलं रक्तपिपासू वटवाघूळ झोपलेल्या माणसाच्या पायाचा अंगठा इतका अलगद कापतं की जाग येत नाही. पेरूच्या अ‍ॅमेझॉनमध्ये त्या चाव्यांतून रेबीज होऊन मुलं मेली आहेत. मच्छरदाणी डासांसाठी असते, असं समजून पाय बाहेर काढून झोपू नका.

उरलेलं कागदपत्र म्हणजे तुमची पदवी. ती न्यायची गरज मला तरी पडली नाही. पेरूत परदेशी दंतवैद्याला तिथल्या व्यावसायिक परिषदेची परवानगी लागते, हे मी घरी आल्यावर वाचलं. आमच्या संस्थेने (नाव सांगत नाही, ती परदेशी होती आणि पत्रकाचा कागद फार गुळगुळीत होता) प्रत्येकाची लस तपासली, विमा तपासला, टी-शर्टाचं माप विचारलं. पदवी कुणी विचारली नाही. तुकडीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता, दंतवैद्यकाला अजून प्रवेशही न मिळालेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात दात उपटायचा फोरसेप होता. “इथे शिकायला मिळतं,” तो आनंदाने म्हणाला. खोटं नव्हतं. जे कऱ्हाडच्या गल्लीत केलं तर पोलीस येतात, ते नदीकाठी केलं तर प्रमाणपत्र मिळतं.

कधी जावं

जूनमध्ये. तेव्हा तुम्हाला सुट्टी असते. गावाला कधी सोयीचं, हे विचारायची प्रथा नाही.

तरी माहितीसाठी: तिथे पाण्याचे दोनच ऋतू. ‘क्रेसिएन्ते’ म्हणजे चढतं पाणी आणि ‘वासियान्ते’ म्हणजे उतरतं. दोन्हींच्या पातळीत आठ-दहा मीटरचा, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा फरक पडतो. एप्रिल-मेच्या सुमाराला होडी थेट घराच्या पायरीला लागते. सप्टेंबरात तेच घर डोक्यावर कुठेतरी दिसतं, आणि मध्ये असते गुडघाभर चिखलाची चढण. ती तुम्ही दातांची पेटी घेऊन चढायची. म्हणजे तुम्ही चढायचं आणि पेटी गावातली दहा वर्षांची पोर घेऊन तुमच्या पुढे जायची.

पोचणे

इकितोस हे चारेक लाख वस्तीचं शहर, पण त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. विमानाने या, नाहीतर बोटीने. शहरातून निघणारा एकमेव लांब रस्ता शंभरेक किलोमीटरवर नाउता नावाच्या गावाशी जाऊन संपतो. त्याच भागात मारान्योन आणि उकायाली या दोन नद्या मिळतात आणि पुढच्या पाण्याला अ‍ॅमेझॉन म्हणतात. शहरात रिक्षा मिळते. पुढे मोटारसायकल आणि मागे सावलीचं बाकडं, असा तिचा थाट. पेरूच्या इतर गावांत आपल्या आकुर्डीच्या बजाजची रिक्षाही धावते, तिला लाडाने ‘तोरितो’ म्हणजे छोटा बैल म्हणतात. सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला एवढं माहेर पुरतं.

पुढचा प्रवास लान्चाने. लान्चा म्हणजे दोन मजली मालवाहू बोट. वरच्या मजल्यावर आपापला झोपाळा बांधायचा आणि शेजाऱ्याच्या झोपाळ्याला धक्का देत-खात दोन रात्री काढायच्या. खालच्या मजल्यावर केळी, कोंबड्या, सिमेंट, एखादा बैल. आमच्या खेपेला तिथे माझ्या दोन पेट्या होत्या. एकीत फोरसेप, एलिव्हेटर अशी दात काढायची हत्यारं, दुसरीत टूथब्रश. त्यांच्यावर, त्यांच्याखाली आणि चारी बाजूंनी गोड सोड्याचे क्रेट. रात्री बोट कुठल्याही अंधाऱ्या काठाला लागली की आधी क्रेट उतरत. जिथे डॉक्टर जात नाही, वीज जात नाही, शाळेचा मास्तर महिन्यातून दोनदा जातो, तिथे साखर दर आठवड्याला वेळेवर जाते. मी सोड्याच्या बोटीनेच सोड्याच्या पाठोपाठ निघाले होते. फरक एवढाच की सोडा पुढच्या आठवड्यातही येणार होता.

शेवटचा टप्पा ‘पेके-पेके’. ही लांब दांड्याच्या पंख्याची होडी. इंजिन जसं बोलतं तसंच तिचं नाव. चार तास तेच नाव ऐकत बसायचं.

सामान

नवशिके चुकीचं सामान आणतात. सौर दिवे, ड्रोन, स्वतःच्या नावाची छापील टोपी. टोपीबद्दल पुढे बोलते.

आणायचं ते प्रेशर कुकर. चेष्टा नाही. जंगलात हत्यारं निर्जंतुक करायला यापेक्षा भरवशाचं यंत्र नाही. पंधरा पौंडांच्या दाबाला आत १२१ अंश तापमान होतं, आणि दवाखान्यातलं ऑटोक्लेव्हही तेच करतं. मरे डिक्सन यांच्या १९८३च्या ‘व्हेअर देअर इज नो डेंटिस्ट’ या पुस्तकातही हीच युक्ती आहे. फक्त मराठी घरातल्या माणसाने एक सवय मोडावी. तीन शिट्ट्यांत तूरडाळ शिजते, फोरसेप शिजत नाही. दाब धरल्यावर आच बारीक करून वीसेक मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. पहिल्या दिवशी मी सवयीने शिट्ट्या मोजल्या आणि बाहेर जमलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवून शिट्टीची नक्कल केली. पुढचे दहा दिवस माझं नाव ‘दोक्तोरसिता फिस्स’ होतं. ‘दोक्तोरा’ला तिथे मायेने ‘दोक्तोरसिता’ म्हणतात, आपण ‘डॉक्टरीणबाई’ म्हणावं तसं. फिस्स हे माझं.

पहिला रुग्ण

पहिल्या दिवशी तो येत नाही, पळून जातो.

आम्ही पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. कपाळावर दिवे, तोंडाला मास्क, हातात चमकणाऱ्या पेट्या. काठावरची पोरं एकदम गायब झाली. कारण मला दोन दिवसांनी समजलं. त्या भागात ‘पेलाकारा’ची दहशत आहे. पेलाकारा म्हणजे चेहरा सोलणारा. रात्री नदीतून दिवे घेऊन येणारे परके, माणसाचा चेहरा सोलून, चरबी काढून नेणारे. शहरात बसून हसायला सोपं आहे. पण शंभरेक वर्षांपूर्वी याच नद्यांच्या काठी रबरासाठी आलेल्या परक्यांनी माणसांचं काय केलं, याचा अहवाल ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांनी १९१०मध्ये पुतुमायोला जाऊन तयार केला होता. तो वाचल्यावर मला त्या पोरांची बुद्धी वयाच्या मानाने बरीच पुढची वाटली. सारांश: काठाला दिवसाउजेडी लागा आणि मास्क खाली घेऊन आधी चेहरा दाखवा, जागेवर आहे तो.

भाषेसाठी तीन वाक्यं पुरतात, असं पत्रकात होतं. ‘दोन्दे ले दुएले?’ म्हणजे कुठे दुखतं? ‘आब्रा ला बोका’ म्हणजे तोंड उघडा. ‘एस्कूपा’ म्हणजे थुंका. खरंच पुरतात. फक्त पहिल्या प्रश्नाला माणूस जे दहा मिनिटं उत्तर देतो, ते समजत नाही.

खुर्ची म्हणजे प्लास्टिकची पांढरी खुर्ची. मागे भिंत असेल तर उत्तम. नसेल तर रुग्णाचं डोकं धरायला मदतनीस. दोन टक्के लिग्नोकेन, खालच्या जबड्याची नस, मग थांबणं. या थांबण्यात मी एका मिरासदार दिसणाऱ्या आजोबांना अभिमानाने समजावत होते, की हे औषध किती आधुनिक आहे. दुभाष्याने भाषांतर केलं. आजोबांनी ओठ चाचपला आणि म्हणाले, “कोका.”

आजोबा मुळाशी गेले होते. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करून दाखवला तो कोकेनने, आणि कोकेन आलं पेरूच्या डोंगरउतारावरच्या कोकाच्या पानातून. पाठोपाठ अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी त्याच औषधाने जबड्याची नस बधिर केली. मी टोचली तीच नस. लिग्नोकेन पुढे १९४३मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं आणि त्यात कोका नाही, पण भूल टोचण्याची वाट त्या पानाने दाखवली. मलेरियाचं क्विनाइनही याच देशाच्या सिंकोना झाडाचं. ते झाड पेरूच्या राजचिन्हावरच आहे. दात काढून झाल्यावर आजोबांनी खिशातून छोटी बाटली काढली आणि खळग्यात लाल चीक लावला. ‘सांग्रे दे ग्रादो’, तिथल्या एका झाडाचं ‘रक्त’. मी हात पुढे करून अडवणार होते. मग आठवलं, त्याच झाडाच्या चिकापासून केलेल्या अतिसाराच्या औषधाला अमेरिकेने २०१२मध्ये मान्यता दिली आहे. मी अडवलं नाही. चूळ भरू नका, एवढं मात्र सांगितलं. त्यांनी भरली.

मोजदाद

हा मार्गदर्शिकेचा गाभा. संध्याकाळी सगळ्यांनी बसून आकडे सांगायचे: किती माणसं, किती दात. बादलीत दात टाकून बादलीचा फोटो घ्यायचा. आमच्या तुकडीने शेवटच्या रात्री एकूण आकडा फळ्यावर लिहिला आणि टाळ्या वाजवल्या.

आता माझ्या दवाखान्यात एखादी मुलगी आली, सोळा वर्षांची, आणि मी तिचे चार दात काढून टाळ्या वाजवल्या, तर तिचा बाप मला काय म्हणेल? उपटलेला दात म्हणजे आपण उशिरा आलो, याची पावती. त्या पावत्या जमवून आम्ही फोटो काढत होतो. अर्थात दुखणं खरं होतं. गळू झालेला जबडा घेऊन माणूस सहा तास वल्हवत आला होता. त्याला “हे तत्त्वतः बरोबर नाही” असं सांगून परत पाठवायचं नव्हतं. पण त्या सोळा वर्षांच्या मुलीचे (ती खरीच होती) चारातले दोन दात वाचण्यासारखे होते. १९८०च्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली. वीज नको, ड्रिल नको. हातातल्या हत्याराने कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमरचं सिमेंट बोटाने दाबून भरायचं. १९९४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावला तर कीड थांबते. दात काळा पडतो, पण राहतो. संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०२१मध्ये आलंय. दोन्ही पेटीत मावतात. आमच्या पेटीत नव्हती, कारण खरवडायला वेळ लागतो आणि आकडा कमी होतो.

मला हे पहिल्याच खेपेला सुचायला हवं होतं. अक्कलदाढ उशिराच येते.

मसातो

दुपारी कुठल्याही घरी गेलात की भोपळ्याच्या वाटीत पांढरट, आंबूस पेय समोर येईल. युका म्हणजे आपण साबुदाणा करतो तो कंद. तो उकडायचा, कुटायचा, घरातल्या बायकांनी त्यातला काही भाग चावून पुन्हा भांड्यात थुंकायचा, आणि ते आंबवत ठेवायचं. लाळेतल्या रसाने पिठाची साखर होते, साखरेची दारू. हल्ली काही घरांत चावण्याऐवजी रताळं किसून घालतात. कुठलं आहे, हे विचारायची रीत नाही.

दिवसभर मी लोकांना “एस्कूपा, एस्कूपा” म्हणत होते. संध्याकाळी त्यांनी मला वाटी दिली. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. मी प्यायले. चव ताक आणि कोमट बिअर यांच्या मधली कुठलीतरी. दातांच्या डॉक्टरला त्या वाटीत काय काय दिसतं, ते लिहीत नाही. पुढचे दोन दिवस माझी तपासणी गावाने केली.

टोपीबद्दल: नदीत गुलाबी डॉल्फिन आहे, ‘बुफेओ’. तो रात्री गोऱ्या देखण्या पुरुषाचं रूप घेऊन नाचाला येतो, मुली नादावतो आणि पहाटे नदीत परततो, असं गावोगाव सांगतात. डोक्यावरचं श्वासाचं भोक झाकायला तो कायम टोपी घालतो. आमच्यातल्या एका उंच, गोऱ्या तरुणाने गावच्या नाचाला संस्थेची टोपी घालून जायचं ठरवलं. म्हाताऱ्या बायकांनी मुलींना घरात घेतलं. एवढंच.

गावातला माणूस

तुमच्या कामात सतत लुडबुड करणारी एक व्यक्ती असेल. गावाने निवडलेली आरोग्यसेविका, ‘प्रोमोतोरा’. तिच्याकडे दुर्लक्ष कसं करावं, हे शिकून घ्या, नाहीतर शिबिराचा वेग मंदावतो. तिला पगार नसतो. तिथे स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ बिनपगारी असा आहे. आमच्याकडे स्वयंसेवक होण्यासाठी शुल्क भरावं लागलं होतं.

जवळच्या मोठ्या गावात सरकारी ‘पोस्ता’ होता आणि त्यात एक सुईण आणि एक तरुण दंतवैद्य. दंतवैद्याची ती सक्तीची ग्रामीण सेवा, ‘सेरुम्स’. आपल्याकडे एमबीबीएसच्या पोरांना बाँड असतो तसंच प्रकरण. त्याच्याकडे परवाना होता, भाषा होती, रुग्णांचे कागद होते. लिग्नोकेन नव्हतं. माझ्याकडे लिग्नोकेन होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आम्हाला त्याला भेटायला वेळ मिळाला तो नवव्या दिवशी, बोट बंद पडली म्हणून.

गडचिरोलीला बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळं तपासायला, वेळ पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’ने छापलं. त्या गावांत बाहेरून पेट्या घेऊन आलेला कुणी नव्हता. आईच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या लांब येऊन, बंद पडलेल्या बोटीत बसून मिळावं, याची मला तेव्हा लाज वाटली. अजून आईला सांगितलेलं नाही.

निघणे

काठावर गाव जमेल. पोरं तुमच्या टूथब्रशने एकमेकांच्या डोक्यावर मारत असतील. रडू येईल, ते येऊ द्या. फोटो चांगले येतात.

मी होडीत पाय टाकणार एवढ्यात प्रोमोतोरा वही घेऊन आली. “कुणाचा कुठला दात काढलात, ते लिहून द्या.” मी म्हटलं, सगळी नोंद संस्थेकडे आहे. ती म्हणाली, “मागच्या वेळच्या लोकांकडेही होती. त्याच्या आधीच्यांकडेही.” मग तिने एका बाईचं नाव घेतलं. त्या बाईला दोन वर्षांत तीन तुकड्यांनी तपासलं होतं, आणि प्रत्येकाने नव्याने विचारलं होतं, कुठे दुखतं.

होडीवाला खोळंबला. मी काठावरच्या लाकडावर बसले. आमच्या यादीवरून तिच्या वहीत नावं उतरवून घेतली, दातांचे आकडे, लावलेलं औषध. दीड तास गेला. तुकडीप्रमुख घड्याळ दाखवत होता. शेवटी तिने आणखी एक विचारलं: “ते भांडं?” कुकर. शिट्टीसकट दिला. रबरही एक जादाचं होतं, ते दिलं. दाब धरल्यावर वीस मिनिटं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून त्याखाली रेघ मारली.

पुढच्या वर्षी मी पेटीत सिमेंट आणि फ्लोराइड घेऊन गेले, आणि थेट पोस्तात त्या दंतवैद्याकडे. त्याची सेवा संपली होती. त्याच्या जागी नवी मुलगी आली होती. प्रोमोतोरा मात्र होती. वहीची सोळा पानं भरली होती, तिच्याच अक्षरात. चुलीवर कुकर होता.

“हत्यारं?” मी विचारलं.

“सकाळी झाली,” ती म्हणाली. “आता घेवडा आहे. याला किती शिट्ट्या?”